राष्ट्रीय संघाची वाट तालुक्याच्या मैदानावरून

भारतातील महिला फुटबॉलच्या दृष्टीने सन २०२२ हे वर्ष अपूर्व ठरले. त्या वर्षी जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत महिलांची आशिया चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाली, आणि ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे भरली. ३० ऑक्टोबर रोजी नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडागारावर स्पेनने कोलंबियाचा १-० असा पराभव करून विश्वविजेतेपद मिळविले. पेण आणि रोहा तालुक्यांतील असंख्य माणसे नोकरीसाठी, बाजारासाठी व उपचारांसाठी ज्या नवी मुंबईस नित्य ये-जा करतात, तेथेच हा सोहळा पार पडला. जगातील उत्तम खेळाडू मुली आपल्या दाराशी येऊन खेळून गेल्या.

यजमान भारताच्या मुलींचे काय झाले? भुवनेश्वर येथे त्यांना अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशी हार पत्करावी लागली. तीन सामन्यांत सोळा गोल झाले आणि आपल्या बाजूने एकही नाही. या पराभवाचा दोष त्या मुलींना देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या तयारीत वरकरणी काही उणे नव्हते. स्वीडनचे अनुभवी प्रशिक्षक थॉमस डेनर्बी त्यांच्यासाठी आणले होते. जमशेदपूर येथे दीर्घ शिबिर झाले. इटली, नॉर्वे व स्पेन या देशांचे दौरे झाले. मग उणीव कोठे राहिली? तिचे उत्तर शिबिरापूर्वीच्या वर्षांत शोधावे लागते. ज्या वयात प्रतिस्पर्धी देशांतील मुली आपल्या गावाजवळच्या मैदानावर आठवड्याला एक सामना खेळत होत्या, त्या वयात आपल्या बहुतेक मुलींच्या वाट्याला वर्षाकाठी मोजकेच सामने येत होते. त्यात कोविडच्या साथीने दोन वर्षे मैदानेच बंद पडली. काही महिन्यांच्या शिबिराने खेळाडूच्या गुणांना पैलू पडतात; पण पाच-सहा वर्षांच्या सामन्यांची तूट त्याने भरून निघत नाही.

राष्ट्रीय संघाच्या यशापयशाचा हिशेब म्हणूनच तालुक्याच्या पातळीवर मांडावा लागतो. त्यात शिक्षकांचा, ग्रामपंचायत सदस्यांचा आणि तालुक्यातील अधिकाऱ्यांचा वाटा कोणता, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

कालचे स्थान आणि जपानचा धडा

आपल्या देशात महिला फुटबॉल अगदीच नवखा आहे असा समज असल्यास तो बरोबर नाही. भारतीय महिला फुटबॉल महासंघाची स्थापना १९७५ मध्ये झाली आणि त्याच वर्षी लखनौ येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. १९८० साली कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने उपविजेतेपद मिळविले. १९८१ मध्ये हाँगकाँग येथे तिसरा क्रमांक आला आणि १९८३ मध्ये बँकॉक येथे पुन्हा उपविजेतेपद लाभले. त्या पिढीतील बंगालच्या शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

हाँगकाँगच्या त्या १९८१ च्या स्पर्धेत जपानचा महिला संघ प्रथमच उतरला होता आणि त्याला उपांत्य फेरीही गाठता आली नव्हती. बरोबर तीस वर्षांनी, १७ जुलै २०११ रोजी, फ्रँकफर्ट येथे जपानने अमेरिकेला नमवून महिलांचा विश्वचषक जिंकला. पुढे २०१४ मध्ये सतरा वर्षांखालील आणि २०१८ मध्ये वीस वर्षांखालील गटाचे विश्वविजेतेपदही जपानच्या मुलींनी पटकाविले. याच काळात भारताची वाटचाल उलट दिशेने झाली. दीर्घकाळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे २००९ मध्ये भारताचे नाव जागतिक क्रमवारीतून वगळले गेले. आपल्या देशात महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली ती २०१६-१७ च्या हंगामात; जपानमध्ये ती १९८९ पासून चालू होती.

शरीरयष्टीचे कारण येथे पुढे करता येत नाही, कारण जपानी मुलीही उंचीने व वजनाने युरोपीय मुलींपेक्षा लहानच असतात. फरक पडला तो सातत्याचा. तेथे खेळ ऋतुचक्राप्रमाणे दरवर्षी नेमाने चालत राहिला. येथे तो स्पर्धेपुरता जागा होई आणि स्पर्धा संपताच झोपी जाई.

देशातील ज्या भागांत असे सातत्य टिकले, तेथून खेळाडू आलेही आहेत. मणिपूरने महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद वीसहून अधिक वेळा जिंकले आहे. २०२२ च्या विश्वचषकातील भारतीय संघाच्या एकवीस मुलींपैकी सहा झारखंडच्या होत्या आणि संघाची कर्णधार अस्तम उराँव ही त्या राज्याच्या गुमला जिल्ह्यातील एका आदिवासी खेड्यातून आली होती. महाराष्ट्रातून पुण्याच्या काजोल डिसोझा हिने त्या संघात स्थान मिळविले. मोठे शहर, भव्य क्रीडागार किंवा सधन घर यांवाचून खेळाडू घडत नाही, ही समजूत झारखंडच्या मुलींनी खोटी ठरविली आहे.

एका सामन्याचे वर्ष

आपल्या शालेय क्रीडास्पर्धांची रचना तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशी चढत्या क्रमाची असून चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील गटांत त्या घेतल्या जातात. फुटबॉलची सुब्रतो मुखर्जी चषक स्पर्धा १९६० पासून चालू आहे आणि २०१२ पासून तीत मुलींचाही गट आहे. निवडीसाठी ही रचना सोयीची खरी. परंतु तिच्या खालच्या पायऱ्यांवर सामने बहुधा बाद पद्धतीने होतात, आणि खेळाडू घडविण्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम काय होतो हे आकड्यांवरून स्पष्ट होते.

समजा, एखाद्या तालुक्यात मुलींचे आठ संघ आहेत. बाद पद्धतीने स्पर्धा घेतल्यास एकूण सात सामने होतात आणि चार शाळांचे संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. त्या शाळांतील मुलींचे फुटबॉलचे वर्ष एका सामन्यात, कधी कधी अर्ध्या तासात, संपते. हेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळले, म्हणजे प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी एकदा खेळला, तर सामने होतात अठ्ठावीस आणि प्रत्येक मुलीच्या वाट्याला सात सामने येतात. सर्वांत दुबळ्या संघालाही तेवढेच सामने मिळतात. दुबळ्या संघाला सामन्यांची गरज अधिक असते, आणि बाद पद्धतीत नेमके त्यालाच सर्वांत कमी सामने मिळतात.

दुसरा मुद्दा संघातील संख्येचा. अकरा-अकरा मुलींचा चाळीस मिनिटांचा सामना घेतला आणि चेंडू सर्वांच्या वाट्याला समान आला असे मानले, तरी प्रत्येकीला तो दोन मिनिटेही मिळत नाही. प्रत्यक्षात धीट व वेगवान अशा चार मुलीच चेंडू खेळतात आणि बाकीच्या धावत राहतात. पाच-पाच मुलींच्या सामन्यात हाच वाटा चार मिनिटांवर जातो. चेंडू अडविणे, वळविणे, साथीदाराकडे देणे, मोकळी जागा हेरणे या गोष्टी व्याख्यानाने येत नाहीत. त्या हजारो वेळा कराव्या लागतात. म्हणूनच जगभर लहान वयाच्या मुलांना प्रथम पाच, मग सात व नंतर अकरा खेळाडूंच्या संघात खेळविले जाते आणि त्यांना पूर्ण आकाराच्या पाच क्रमांकाच्या चेंडूऐवजी चार क्रमांकाचा, म्हणजे किंचित लहान व हलका, चेंडू दिला जातो.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या उपक्रमात राज्यभरातील शाळांतून लाखो विद्यार्थी एकाच दिवशी फुटबॉल खेळले आणि त्या निमित्ताने खेड्यापाड्यांतील शाळांतही चेंडू पोहोचले. त्या दिवसाने खेळाची ओळख करून दिली. आता त्या एका दिवसाच्या पाठोपाठ दर आठवड्याचा दिवस यावयास हवा.

कबड्डीच्या जिल्ह्यात फुटबॉल कशासाठी?

रायगड हा कबड्डीचा जिल्हा आहे. ग्रामदैवताच्या नावाने चालणारी मंडळे, सुगी आटोपल्यावर रात्री दिव्यांच्या उजेडात रंगणारे सामने आणि ते पाहण्यासाठी लोटणारा गाव हे येथील परिचित दृश्य आहे. जानेवारी २०१९ मध्ये पुरुषांची सहासष्टावी वरिष्ठ गट राष्ट्रीय कबड्डी अजिंक्यपद स्पर्धा रोहा येथे झाली, ही या परंपरेची पावतीच होय. अशा जिल्ह्यात मुलींना फुटबॉल शिकविणे म्हणजे घरची विद्या सोडून बाहेरची धरणे नव्हे काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती वावगी म्हणता येणार नाही.

तिचे उत्तर असे की, फुटबॉलला हवी असलेली रीत कबड्डीने आपल्याला आधीच शिकविली आहे. येथे कबड्डी वाढली ती कोणत्याही एका शिबिरामुळे नव्हे. गावोगाव मंडळ आहे, मंडळाला मैदान आहे, मैदानावर दर हंगामात सामने आहेत आणि सामन्यांना प्रेक्षक आहेत, म्हणून ती वाढली. राष्ट्रीय दर्जाचा खेळाडू हा या विस्तीर्ण पायावरचा कळस असतो. ही व्यवस्था उभी राहिली ती प्रामुख्याने मुलग्यांसाठी. मुलींना तिचा लाभ व्हावयाचा असेल तर कबड्डी आणि फुटबॉल हे एकमेकांचे वैरी मानण्याचे कारण नाही. चपळाई, दमसास, तोल सांभाळणे आणि क्षणात निर्णय घेणे हे गुण दोन्ही खेळांना समान आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने दोन्ही खेळ खेळावेत हेच तिच्या वाढीस हितकर आहे.

शिवाय परंपरेवर विसंबून राहणे कबड्डीतही परवडत नाही. २०१० व २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळविले. परंतु २०१८ मध्ये इराणने अंतिम सामन्यात २७-२४ अशी बाजी मारली. २०२३ मध्ये हांगचौ येथे आपण सुवर्ण परत मिळविले, ते चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ अशा अवघ्या एका गुणाने. जो देश मुलींना नेमाने खेळवितो तो पुढे येतो, हा नियम सर्व खेळांना लागू आहे.

फुटबॉलची अडचण आहे ती मुख्यतः जागेची. महिलांच्या कबड्डीचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते, म्हणजे एखाद्या अंगणात मावेल एवढे. फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय मैदान १०५ मीटर बाय ६८ मीटर असते. एवढी सपाट जागा डोंगर आणि खारेपाट यांच्या बेचक्यात वसलेल्या गावांना कोठून मिळणार? पण शिकणाऱ्या मुलींना एवढ्या जागेची गरजही नाही. सात-सात मुलींच्या खेळाला सुमारे ६० मीटर बाय ४० मीटर जागा पुरते आणि पाच-पाच मुलींना त्याहूनही कमी. गोलाचे खांब बांबूचे असले तरी चालतात.

पेण-रोह्यासाठी एक आखणी

या दोन तालुक्यांत हे कसे जमविता येईल, याचा विचार स्थानिक परिस्थितीवरूनच करावा लागेल. जून ते सप्टेंबर येथे पाऊस कोसळतो. भाताची कापणी दिवाळीच्या सुमारास आटोपते आणि तोवर घरातील मुलींचेही हात शेतात गुंतलेले असतात. तेव्हा साखळी स्पर्धेचा हंगाम दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होऊन फेब्रुवारीत, परीक्षांपूर्वी, संपावा. ज्या शेतात भातामागून वाल पेरलेला नाही, असे एखादे सपाट शेतही मालकाच्या संमतीने या काळात उपयोगी पडू शकेल.

शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर एका केंद्रावर आठ शाळांच्या मुली जमल्या आणि तेथे दोन लहान मैदाने आखली, तर चाळीस मिनिटांचे चार सामने मध्यंतरासह दोन तासांत पूर्ण होतात. याप्रमाणे सात शनिवारांत अठ्ठावीस सामन्यांची साखळी पुरी होते. पेणची आणि रोह्याची साखळी स्वतंत्रपणे झाल्यावर दोन्हींतील संघांनी एकमेकांशी खेळावे. पेण, कासू, नागोठणे व रोहा ही स्थानके एकाच लोहमार्गावर असल्याने मध्यावरचे नागोठणे त्यासाठी सोयीचे ठरू शकेल.

परतीच्या प्रवासाचा प्रश्न अनेकदा किरकोळ समजला जातो. पण मुलीचा खेळ चालू राहणे किंवा सुटणे बहुधा त्यावरच ठरते. मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, परंतु सराव लांबला आणि ठरलेली गाडी चुकली तर पास असून उपयोग नाही. पालक मग खेळच बंद करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. यासाठी सराव शाळेच्या वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाच्या तासिकेस जोडून घ्यावा आणि सामन्यांची वेळ गाडीची वेळ पाहून ठरवावी. मुख्याध्यापकांनी आगाराशी आधी बोलणे केल्यास यातील बराचसा गुंता सुटेल.

आश्रमशाळांतील मुलींचा येथे वेगळा उल्लेख करणे अगत्याचे आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेण येथेच आहे. डोंगरातील ठाकूर व कातकरी वाड्यांवरच्या मुली चढउताराच्या वाटा तुडवीत वाढलेल्या असतात. निवासी शाळेत त्या मैदानाजवळच राहतात. त्यांना गाडी गाठावयाची नसते. झारखंडमध्ये जे घडले ते येथे घडू नये असे काही नाही.

मार्गदर्शकाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्राथमिक ‘डी’ दर्जाचा प्रशिक्षक परवाना अल्प मुदतीच्या वर्गातून मिळविता येतो. प्रत्येक तालुक्यातून दरवर्षी दोन शिक्षक, आणि त्यांतही एक शिक्षिका, या वर्गास पाठविल्या तर काही वर्षांत पुरेसा संच तयार होईल. शिक्षिका मैदानावर असली की पालकांचा विश्वास वाढतो आणि मुलीही आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगतात.

प्रकृतीकडे दुर्लक्ष नको

मुलींच्या खेळात आहार व दुखापती या दोन बाबींकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात लोह कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो, मुलगी लवकर दमते आणि तिच्यात दम नाही असा शिक्का तिच्यावर बसतो. शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या जातात की नाही, हे क्रीडाशिक्षकाने आवर्जून पाहावे. नाचणी, पालेभाज्या, कडधान्ये, सुकी मासळी हे येथील घराघरांतील अन्नच उत्तम आहार होय. प्रश्न असतो तो मुलीच्या ताटात ते पुरेसे पडते किंवा नाही याचा.

गुडघ्याच्या आतील स्नायुबंध तुटण्याची दुखापत मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा अधिक आढळते आणि ती खेळाडूचे एक वर्ष हिरावून घेते. यावर सोपा उपाय उपलब्ध आहे. जागतिक फुटबॉल महासंघाने सुमारे वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम आखून दिला आहे. त्यात धावणे, एका पायावर तोल राखणे, मांड्यांच्या स्नायूंना बळकटी देणे आणि उडी मारून गुडघे वाकवीत योग्य रीतीने जमिनीवर येणे यांचा समावेश आहे. नॉर्वेमधील १३ ते १७ वयाच्या मुलींवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या व्यायामामुळे दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसून आले. त्याला कोणतेही साहित्य लागत नाही. शिक्षकाचा नेम तेवढा लागतो.

ग्रामपंचायतीच्या हाती काय आहे?

बहुतेक गावांत एखादे मोकळे मैदान असते, पण सायंकाळी तेथे तरुणांचे क्रिकेट चालू असते. मुलींनी तेथे जावयाचे कसे? यावर ग्रामसभेत ठराव करून आठवड्यातील तीन दिवस सायंकाळी ठरावीक दीड तास मैदान मुलींसाठी राखून ठेवणे हा अगदी बिनखर्चाचा उपाय आहे. २०११ पासून महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. असा ठराव मांडण्यास महिला सदस्यांइतके योग्य कोण? मैदानालगत स्वच्छतागृह व कपडे बदलण्यासाठी आडोसा एवढी सोय झाली तरी वयात येणाऱ्या मुलींची गळती बरीच थांबेल.

मैदान सपाट करणे व कुंपण घालणे यांसाठी शासनाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे. तिची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून घ्यावी. रोह्याजवळील धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार पात्र कंपन्यांनी नफ्याचा जो दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करावयाचा असतो, त्यात ग्रामीण व मान्यताप्राप्त खेळांच्या प्रशिक्षणाचाही अंतर्भाव आहे. चेंडू, बूट आणि सामन्यांचा प्रवासखर्च यांसाठी ग्रामपंचायती व शाळा या कंपन्यांकडे रीतसर प्रस्ताव देऊ शकतात.

पालकांना आणखी एक गोष्ट समजावून सांगावी. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षांत विहित पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात. मात्र ही फळे मोजक्याच मुलींना मिळतील, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. उरलेल्या मुलींना निरोगी शरीर, धिटाई आणि हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय लाभेल. गावाच्या दृष्टीने या लाभाचे मोल कमी नाही.

राष्ट्रीय पातळीवर दिवस पालटत असल्याची चिन्हे दिसू लागली आहेत. जुलै २०२५ मध्ये भारतीय महिलांनी चियांग माई येथे थायलंडचा २-१ असा पराभव केला आणि पात्रता स्पर्धा खेळून प्रथमच आशिया चषकात प्रवेश मिळविला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील आणि ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींनीही आपापल्या गटाच्या आशियाई स्पर्धेसाठी पात्रता मिळविली. वरच्या पायऱ्या अशा मोकळ्या होत असताना खालची पायरी तयार असावयास हवी. आज सहावीत असलेली मुलगी पाच वर्षांनी सतरा वर्षांखालील संघाच्या निवडीस पात्र वयाची असेल. तोवर तिला पाच सामने मिळाले की शंभर, हे दिल्लीत ठरत नाही. ते ठरते शाळेच्या वेळापत्रकात, ग्रामसभेच्या ठरावात आणि तालुक्याच्या साखळीत. येत्या दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी पेणच्या आठ आणि रोह्याच्या आठ शाळांनी आपापल्या केंद्रावर चुन्याच्या रेघा आखल्या, तरी या कामास आरंभ झाला असे म्हणता येईल.